पाठमोरे ओकुदा-सान

शर्यत बघायला आलेल्या लाखभर माणसांत शर्यतीकडे पाठ करून उभा असलेला माणूस एकच होता, आणि तो नेमका आमचा मालक होता.

"ओकुदा-सान," मी म्हटलं, "घोडे तिकडे आहेत."

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी कोटाचं बटण लावलं, टोपी सारखी केली आणि समोरच्या नूडल्सच्या टपरीकडे इतक्या गंभीरपणे बघायला लागले की टपरीतल्या मुलीनं घाबरून त्यांना वाकून नमस्कार केला. ओकुदा-सानांनी वाकून तो परत केला. तिनं पुन्हा वाकून केला. गिऱ्हाईक आलं म्हणून बरं, नाहीतर हे संध्याकाळपर्यंत चाललं असतं.

माझे यजमान माझ्या कानाशी आले. "म्हाताऱ्याचं पुन्हा सुरू झालं बघ."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही फलटणला परत आलो, गुडघेही कुरकुरायला लागले. पण तेव्हा आम्ही दोघं जपानच्या पार उत्तरेला, होक्काइदोत, ओकुदा-सानांच्या घोड्यांच्या फार्मवर कामाला होतो. यजमान, तिकडचे आनंदा-सान, पुण्याच्या रेसकोर्सवर पहाटे घोडे फिरवायचे. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं तिकडे गेले. नवी शिंगरं माणसाळवायची, पाठीवर खोगीर घ्यायला शिकवायची, हे त्यांचं काम. मी फार्मवरच्या सगळ्यांचा स्वयंपाक करायची. घोड्यांना मी घाबरते. एवढं मोठं जनावर आणि मेंदू मुठीएवढा, त्याच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे आपलाच मेंदू तपासून घ्यायला हवा.

ओकुदा-सान तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. साऱ्या जन्मात त्यांनी घोडेच वाढवले, पण त्यातला एकही शेवटपर्यंत धावताना पाहिला नव्हता. तरुणपणी त्यांचा पहिला घोडा शर्यतीत पुढे होता. यांनी मान वर करून पाहिलं आणि तो मागे पडला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याच्या वेळी यांना नेमकी शिंक आली, शिंकून डोळे उघडेपर्यंत घोडा जिंकलेला! तेव्हापासून आपली नजर वाईट आहे, असं त्यांनी मनाशी धरलं. घोडा पळायला लागला की हे पाठ फिरवायचे आणि शर्यत संपली की शेजाऱ्याला विचारायचे, कितवा आला.

यजमान या प्रकाराला हसायचे. मी मात्र हसले नाही. आमच्याकडे म्हशीच्या दुधाला नजर लागते, मग घोड्याच्या पायांनी काय पाप केलंय? फक्त स्वतःच्याच घोड्याला स्वतःचीच दृष्ट लागलेली मी तोवर ऐकली नव्हती.

आणि आज प्रश्न साधा नव्हता. ही एप्रिलमधली मोठी शर्यत होती, फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. चार वर्षांचा झाला की कितीही पळणारा असो, त्याला इथे जागा नाही. म्हणजे प्रत्येक घोड्याला ही एकदाच मिळते, आणि ओकुदा-सानांचा घोडा इथवर पोहोचला होता तोही उभ्या जन्मात पहिल्यांदाच. फार्मवरून इकडे येताना विमानात त्यांनी मला हळूच सांगितलं होतं, "रंजना-सान, आज मला त्याला बघायचं आहे."

"मग बघा की."

"पण मला तो जिंकायलाही हवा आहे."

मी मालकिणींच्या हातचा भाताचा गोळा त्यांच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. तर आता जिंकणं वरचढ ठरलं होतं आणि स्वारी नूडल्सकडे तोंड करून उभी होती. मालकांसाठी वर काचेमागे खुर्च्या होत्या. पण तिथे पाठ करून उभं राहिलं तर ओळखीच्या माणसांना तोंड द्यावं लागणार, म्हणून ते आम्हाला घेऊन खाली कुंपणाला लागून गर्दीत आले होते.

घोड्याचं कागदावरचं नाव नेमुइ तारो, म्हणजे झोपाळू तारो. फार्मवर लाडानं तारो-कुन, आम्ही त्याला बंड्या म्हणायचो. बंड्या माझ्या यजमानांच्या हाताखाली तयार झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा माझ्याही. त्याचं असं झालं की आम्हाला राहायला दिलेल्या खोलीच्या भिंती पुठ्ठ्याच्या. शेजारची जपानी पोरं पहाटे चारला उठणारी, म्हणून संध्याकाळी सातलाच गुडूप. तिथे आरती कशी म्हणणार? म्हणून आमचा गणपती तबेल्यात बंड्याच्या खणासमोरच्या फळीवर बसला. गवताला आग नको म्हणून समईसुद्धा बॅटरीवरची. रोज संध्याकाळी आम्ही दोघं टाळ्या वाजवत आरती करायचो आणि बंड्या दारावरून मान बाहेर काढून ऐकायचा. शेवटी मी "गणपती बाप्पा" म्हणायची, यजमान "मोरया" म्हणायचे, आणि मग सगळ्यांना गुळाचा खडा. बंड्याचा खडा त्याच्या आतल्या गव्हाणीत टाकायचा. हातावर दिला तर प्रसादात बोटंही गेली असती. त्यामुळे "मोरया" ऐकलं की बंड्या आपणहून मागे वळायचा, खणात शिरायचा आणि गव्हाणीत तोंड घालायचा.

पुढे तो शर्यतीच्या शिक्षणासाठी मोठ्या तबेल्यात गेला आणि आमची आरती गुळाच्या एका खड्यानं स्वस्त झाली. एवढंच.

तर बँडवाले ओळीनं मैदानात आले. पांढरे हातमोजे, चकचकीत तुताऱ्या. घोडे आमच्या समोरच, सुटायच्या गेटामागे गोल गोल फिरत होते. बंड्याचा नंबर अठरा, सगळ्यात बाहेरचा, सगळ्यात शेवटी आत जाणारा. बँडमास्तरनं काठी उचलली. तुताऱ्या वाजायला लागल्या, आणि लाखभर माणसं त्या तालावर टाळ्या वाजवायला लागली. तिकडची ती रीतच आहे. मोठ्या शर्यतीआधी सगळे मिळून टाळ्या वाजवतात, कुणी हातांनी, कुणी गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानं. मीही उत्साहानं वाजवल्या. लाखभर माणसं एका तालात वाजवत असताना हात बांधून कोण उभं राहील?

बंड्या याआधी ज्या शर्यतींत पळाला त्या लहान होत्या. तिथे कर्ण्यातून पिपाणी वाजायची आणि माणसं चणे खात बसायची. एक शर्यत जरा मोठी होती, पण त्या दिवशी असा पाऊस होता की प्रत्येकाच्या हातात छत्री. टाळ्या वाजवणार कशानं?

तुताऱ्या थांबल्या. घोडे एकेक करून गेटात जायला लागले. अठरा नंबर मात्र जागचा हलेना. त्यानं गेटाकडे पाठ केली, तोंड आमच्या गर्दीकडे केलं आणि चारही पाय रोवून उभा राहिला.

"काय झालं?" ओकुदा-सानांनी नूडल्सना विचारलं.

"तारो-कुन उभा आहे," मी म्हटलं.

"सगळेच उभे असतील."

"नाही. बाकीचे गेले. तो उभा आहे."

हेल्मेट घातलेली चार माणसं धावली. दोघांनी वळवायला तोंड ओढलं, दोघांनी बाजूनं ढकललं. बंड्या लाथ मारीना, उधळेना, रागावेना. नुसता उभा. समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर त्याचं तोंड दाखवायला लागले. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, खालचा ओठ लोंबलेला, कान पुढे. लोक हसायला लागले. ते तोंड मी मात्र रोज संध्याकाळी दीड वर्ष बघितलं होतं.

"अहो," मी यजमानांचा दंड धरला, "त्यो गुळाची वाट बघतोय!"

"येडी का काय तू?"

"अहो, टाळ्या झाल्या न्हवं का! आरती झाली, परसाद कुठाय म्हणतोय त्यो!"

यजमानांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. त्यांचा चेहरा बंड्यासारखाच लांब झाला. "आयला," ते म्हणाले.

गेटातले सतरा घोडे आता अस्वस्थ व्हायला लागले होते. एकानं पुढच्या दाराला धडक दिली. एक साहेब लाल निशाण हातात घेऊन ताडताड चालत बंड्याकडे निघाले. यजमानांनी डोक्याला हात लावला. "आता काढत्यात त्येला भाईर. एकदा काढला की संपलं, ही शर्यत पुन्हा न्हाई."

"आनंदा-सान काय म्हणतात?" ओकुदा-सानांचा आवाज आता हलायला लागला होता. पण मान नाही.

आता लाजून चालणार नव्हतं. माझी जपानी सगळी स्वयंपाकघरातली. गरम, गार, मीठ जास्त, भात संपला, यापलीकडे माझी मजल नाही. त्यात मी सांगितलं, "टाळ्या म्हणजे देव. देव म्हणजे गूळ. गूळ नाही. तारो-कुन थांबला."

दुसरा कुणी असता तर डॉक्टरला बोलावलं असतं. ओकुदा-सानांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "ते शेवटचं राहिलं का? गानपाची?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"माझी खोली तबेल्याच्या वर आहे, रंजना-सान," ते म्हणाले. "आणि माझ्याही भिंती पुठ्ठ्याच्याच आहेत. म्हणा. जोरात म्हणा."

मी आधी म्हटलं ते आपलं हळदीकुंकवाला उखाणा घ्यावा तसं. शेजारच्या मुलानं कानातल्या तारा काढून माझ्याकडे बघितलं. बंड्याचा एक कान हलला.

"आगं, आवाज काढ की! घरात मला बोलावताना कसा निघतो?" यजमान ओरडले.

हे मात्र मला लागलं. मी कुंपणाच्या आडव्या बारवर चढले, पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "गणपती बाप्पा!"

"मोरया!" यजमान. आणि त्यांच्यामागून, नूडल्सकडे तोंड करून, म्हातारा आवाज: "मोरया!"

जपानी माणूस फार शिस्तीचा. चार जण काही करायला लागले की त्याला वाटतं, ही इथली रीत असावी आणि आपल्यालाच ठाऊक नाही. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा आजूबाजूची वीसेक माणसं अगदी मनापासून "मोराया!" म्हणाली. नूडल्सवाली मुलगीही म्हणाली. तिसऱ्यांदा किती जण म्हणाले ते देवालाच माहीत, पण माझ्या पायाखालचा बार थरथरला. निशाणवाले साहेब जागच्या जागी थांबले.

बंड्यानं एक मोठा सुस्कारा टाकला. मग तो आपणहून मागे वळला, त्याला ढकलणारी दोन्ही माणसं तोंडावर आपटली, आणि तो घरी आल्यासारखा चालत गेटातल्या आपल्या खणात शिरला. मागचं दार लागलं. त्यानं गव्हाण शोधायला खाली मान घातली. आणि तेवढ्यात गेट उघडलं.

सतरा घोडे सुटले. अठरावा गूळ शोधत होता.

"सुटले?" ओकुदा-सान.

"सुटले."

"तारो?"

"तारो अजून आत आहे."

वरचा जॉकी बिचारा त्याच्या मानेवर झोपल्यासारखा वाकून काहीतरी विनवत होता. शेवटी इथे गूळ नाही हे बंड्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो जो उसळला तो रागानंच. आमच्यासमोरून गेला तेव्हा बाकीचे पार पुढच्या वळणाला लागले होते. त्याच्या टापांनी जमीन हादरली. ओकुदा-सानांनी डोळे घट्ट मिटले. पाठ तर होतीच.

"सांगा," ते म्हणाले. "मला सांगत राहा."

आता आली का पंचाईत! यजमान घोड्यांतलं सगळं जाणतात, पण जपानी म्हटली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. ते मला मराठीत सांगत होते आणि मला त्याचं स्वयंपाकघरात भाषांतर करावं लागत होतं.

"समद्यात मागं हाय, पण दम राखून हाय," यजमान.

"मंद आचेवर आहे," मी ओकुदा-सानांना म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "आणि बाकीचे?"

"पुढचे दोघं येड्यासारखं पळाय लागल्यात. त्येंचं काय खरं न्हाई."

"पुढचे दोन करपणार आहेत."

ओकुदा-सानांनी मान डोलावली. त्यांना सगळं कळत होतं. बंड्या मागच्या बाजूला पोहोचला आणि एकेकाला मागे टाकायला लागला. मी ओरडत होते, "वाफ धरली! वाफ धरली!" कानातल्या तारावाला मुलगा आता शर्यत सोडून माझ्याकडेच बघत होता. शेवटच्या वळणाला बंड्या बाहेरून आला. नववा. सातवा. पुढचे दोघं खरोखरच करपले.

"उकळी आली!" मी किंचाळले. "ओकुदा-सान, उकळी आली! पाचवा! चौथा!"

"चौथा?" त्यांचा आवाज फाटला.

"तिसरा! उतू जातोय! तिसरा आहे!"

बंड्या आमच्या बाजूच्या सरळ रस्त्याला लागला होता. मान लांब केलेली, शेपटी मागे सपाट. पहिले दोघं त्याच्या टप्प्यात होते. मी घोड्यांना घाबरते, पण त्या वेळी त्याच्या गळ्यात पडायची माझी तयारी होती. यजमान रडत होते का ओरडत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि मी शेजारी बघितलं तर ओकुदा-सानांचा एक पाय वळला होता.

"नको!" मी त्यांचा कोट धरला. "वळू नका! जिंकतोय तो! थोडंच राहिलंय, वळू नका!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडावर शाळा बुडवणाऱ्या पोराचे भाव होते. मग त्यांनी माझी बोटं एकेक करून कोटावरून सोडवली आणि वळले.

खोटं नाही सांगत. ते वळले आणि बंड्याचा वेग उतरला. यजमान आजही म्हणतात की शेवटी तिथे चढ आहे, सुरुवातीला मागे राहिल्यामुळे त्याचा दम आधीच खर्च झाला होता, म्हातारा वळला काय नि न वळला काय. म्हणू देत. मी दोघांनाही एकाच वेळी बघत होते. तिसऱ्याचा चौथा झाला. मग सहावा. बंड्या पळतच होता, जीव तोडून पळत होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंनी घोडे निघून जात होते. ओकुदा-सानांना ते दिसत होतं. आपण बघतोय म्हणून होतंय, असं ज्याला वाटतं त्याला मान फिरवायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी ती फिरवली नाही. दोन्ही हातांनी कुंपण धरून, डोळ्यांची पापणी न हलवता, त्यांनी बंड्याला शेवटच्या खांबापर्यंत पोहोचवलं.

मला इतका संताप आला की काही विचारू नका. माझा घसा बसला होता, पदर फाटला होता, लाखभर परक्या माणसांसमोर मी बारवर चढून नाचले होते. आणि यांनी शेवटच्या चार ढांगांत सगळ्यावर पाणी ओतलं! मालक असले म्हणून काय झालं?

"झालं समाधान?" मी मराठीतच म्हटलं. मग जपानीत म्हटलं, "का वळलात?"

त्यांनी टोपी काढली होती. वळणापलीकडे घोडे आता हळू हळू थांबत होते, आणि घामानं काळाभोर झालेला बंड्या मान खालीवर करत सगळ्यांच्या मागून येत होता.

"माझे सगळे घोडे माझ्यासमोर जन्मले," ते म्हणाले. "चिखलात. चार पाय चार दिशांना. उभं राहायचे आणि पडायचे. मी धरून उभं करायचो." मग त्यांनी यजमानांना विचारलं, "आनंदा-सान, सगळेच असे धावतात?"

मी ते यजमानांना सांगितलं.

"व्हय," यजमान म्हणाले. "समदे असंच पळत्यात."

मी तेही ओकुदा-सानांना सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग हा कडक म्हातारा, ज्यानं कधी मीठ जास्त झालं म्हणूनसुद्धा तोंड वाकडं केलं नव्हतं, टोपीत तोंड घालून रडायला लागला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तसं तिकडे कुणी करत नाही, पण ठेवला.

"इतकी वर्षं," ते टोपीतून म्हणाले, "लोक मला नुसता नंबर सांगत आले."

त्या दिवशी त्यांनी नंबर विचारला नाही. आम्हीही सांगितला नाही.